सुनेचं रक्त

माझ्या सुनेचं रक्त मी ती सून होण्याच्या दोन वर्षं आधी वाचलं होतं. वाचलं हाच शब्द बरोबर आहे. इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलच्या टिश्यू टायपिंग लॅबमध्ये मी सव्वीस वर्षं नोकरी केली. कुणाची किडनी कुणाला चालेल, कुणाचा बोनमॅरो कुणाशी जुळेल, हे ठरवायला पेशींवरच्या खुणा वाचाव्या लागतात. प्रत्येक पेशीच्या दारावर एक पाटी असते, आणि आतला माणूस घरचा की परका हे शरीर त्या पाटीवरून ओळखतं. त्या पाट्या वाचायचं माझं काम. पुण्याचे नातेवाईक विचारायचे, "तू तिथे करतेस तरी काय?" मी म्हणायचे, "पत्रिका जुळवते." त्यांना वाटायचं मी थट्टा करते.

आमच्या धंद्यात एक पद्धत होती. तपासणीचं नवीन किट आलं की ते नीट चालतंय का हे बघायला वेगवेगळ्या प्रकारचं रक्त लागायचं. इंग्लिश आणि आयरिश रक्ताला तोटा नव्हता, आमच्या इमारतीतच पोत्याने मिळायचं. बाकीच्यांसाठी आम्ही आपापल्या घरात हात घालायचो. माझ्या नवऱ्याचं रक्त लॅबच्या फ्रीजमध्ये इतक्या वेळा गेलं, की तो म्हणायचा, "लग्नात हुंडा घेतला नाही, तो तू असा वसूल करतेस." तो भूल देणारा डॉक्टर, त्यामुळे सुईचं त्याला काही वाटत नसे.

त्या वर्षी ख्रिसमसच्या सुट्टीत मुलगा आपल्या मैत्रिणीला घेऊन घरी आला. मुलगी कोरियन, पण वाढलेली न्यू मॉल्डनला. लंडनच्या त्या कोपऱ्यात दुकानांच्या पाट्यासुद्धा कोरियन असतात. बारीक अंगाची, हसरी, चष्म्याच्या दुकानात काम करणारी. लोकांच्या नाकाला आणि कानाला चष्मा नीट बसवून द्यायचा, दांडीतला मोहरीएवढा स्क्रू फिरवायचा, असलं नाजूक काम. जेवताना मी सहज बोलून गेले, की आमच्याकडे पूर्व आशियातलं रक्त अजिबात नाही. सहज म्हणते, पण सहज नव्हतं. मला हाव सुटली होती. तिने तिथल्या तिथे बाही वर केली आणि म्हणाली, "माझं घ्या की."

दोन दिवसांनी ती आणि माझा मुलगा, दोघं लॅबमध्ये येऊन एकेक नळी रक्त देऊन गेली. फॉर्मवर स्वच्छ लिहिलं होतं: नळीवर नाव नाही, फक्त नंबर. निकाल कुणालाही कळवला जाणार नाही, देणाऱ्यालासुद्धा नाही. तिने तो फॉर्म न वाचता सही केली. आजकालची मुलं फोनच्या अटी अशाच स्वीकारतात. नळ्यांवर चिकटपट्ट्या मी लावल्या, म्हणून नंबर मला माहीत होते. मला माणसांची नावं आठवत नाहीत, पण आकडे डोक्यातून जात नाहीत.

तिच्या नळीत 'झिरो फोर झिरो फाइव्ह' निघाला. बाकी कुणाला त्यातलं काही कळणार नाही, म्हणून सांगते. संधिवाताचा एक वाईट प्रकार आहे. शरीर आपल्याच सांध्यांना परकं समजून खायला लागतं. आपल्याकडचे वैद्य ज्याला आमवात म्हणतात, तो जवळपास हाच. पेशीवरची कुठली पाटी त्याला दार उघडून देते, हे माणसांच्या मुळाप्रमाणे थोडं बदलतं. युरोपातल्या लोकांत एक प्रकार, आपल्या लोकांत दुसरा, आणि कोरियन माणसांत मुख्यतः हा, झिरो फोर झिरो फाइव्ह. पाटी आहे म्हणजे आजार आहेच असं अजिबात नाही. ती असलेली बहुतेक माणसं ठणठणीत जगतात. पण पाटी असली आणि वर सिगरेट असली, तर दोन्ही एकमेकींना हात देतात.

ती सिगरेट ओढायची. दिवसाला चार, फार तर पाच.

मी निकाल नोंदवला, किट पास केलं आणि घरी येऊन कुकर लावला. तेव्हा मला खरंच काही वाटलं नाही. ती मुलाची मैत्रीण होती. अशा मैत्रिणी आधी दोन येऊन गेल्या होत्या.

लग्न ठरलं तेव्हा आम्ही तिच्या आईला भेटायला न्यू मॉल्डनला गेलो. थोरांना काहीही देताना दोन्ही हातांनी द्यायचं, ही त्यांची रीत होणाऱ्या सुनेने आम्हाला आधीच सांगून ठेवली होती, त्यामुळे विहीणबाईंनी दोन्ही हातांच्या ओंजळीत कप धरून पुढे केला तेव्हा माझ्या नवऱ्याला फार कौतुक वाटलं. मी कप घेतला आणि ते हात बघितले. बोटं मुळाशी सुजून करंगळीकडे झुकलेली. अंगठा मध्येच मोडल्यासारखा. रीत तर होतीच, पण त्या बाईला एका हाताने कप उचलताच आला नसता.

माझी नजर कुठे आहे हे बघून मुलगी म्हणाली, "आयुष्यभर थंड पाण्यात कोबी धुतलाय तिने, रेस्टॉरंटच्या किमचीसाठी, आमच्या लोणच्यासाठी. म्हणून झालेत हात तसे." तिच्या आईला इंग्रजी फारसं येत नसावं. ती हसली आणि तिने हात मांडीवर घेऊन झाकले. त्या घरात त्या आजाराला नावच नव्हतं. कोबी आणि थंड पाणी, एवढंच निदान.

परत येताना मोटारवेवर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू नंबर बघायलाच नको होतास. आता बघितलास, तर झाकली मूठ सव्वा लाखाची. जीन म्हणजे आजार नव्हे, हे तूच मला शिकवलंस." मी म्हटलं, हो. आणि मला बरं वाटलं, कारण मला तेच ऐकायचं होतं.

मी का बोलले नाही, याची कारणं माझ्याकडे भरपूर होती. नियम होता. सांगितलं असतं तर नोकरीवर आलं असतं. शिवाय लग्न तोंडावर असताना सासू होणाऱ्या बाईने उठून मुलीच्या रक्तात खोट आहे म्हणायचं, म्हणजे ते कसं ऐकू गेलं असतं? त्याच आठवड्यात माझ्या जावेने पुण्याहून फोन करून विचारलं होतं, "पत्रिका बघितलीत का हो वहिनी, की तिकडे तसलं काही नसतंच?" मी तिला चांगलं फैलावर घेतलं. पत्रिका बघणारी माणसं मला आवडत नाहीत असं ठणकावून सांगितलं आणि फोन ठेवला. पत्रिका तर मीच बघितली होती.

पुढच्या वर्षी मी रिटायर झाले. नोकरीचं कारण संपलं. तरीही मी बोलले नाही.

लग्नानंतर दोघं आमच्याच गावात, मिल्टन कीन्सला राहायला आली, आमच्यापासून सहा राउंडअबाउट, म्हणजे सहा गोल चौक पलीकडे. दर रविवारी जेवायला यायची. सून मला 'आई' म्हणायची आणि 'तुम्ही' म्हणायची. कोरियन भाषेतही थोरांशी बोलायची क्रियापदं वेगळी असतात, त्यामुळे अहो-जाहो तिला माझ्या पोटच्या मुलापेक्षा लवकर जमलं. जेवण झालं की ती बागेत शेडजवळ जाऊन एक सिगरेट ओढायची. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत असे. प्रत्येक झुरक्याबरोबर माझ्या डोक्यात तो आकडा यायचा.

एका रविवारी मला राहवलं नाही. ती आत आली तेव्हा मी म्हटलं, "अगं, ती सिगरेट सोड ना. चांगलं दिसत नाही."

चांगलं दिसत नाही. खरं कारण जिभेच्या टोकावर होतं, आणि तोंडातून पडलं ते हे. सासूच्या तोंडात हे वाक्य आयतंच असतं. माझ्या सासूच्या होतं, तिच्या सासूच्याही असेल. मी आयुष्यभर त्या वाक्याला नाकं मुरडली आणि गरज पडली तेव्हा तेच उचललं, कारण त्याला पुरावा लागत नाही.

तिचा चेहरा एकदम सभ्य झाला. "सॉरी, आई," ती म्हणाली.

मुलगा मात्र माझ्यावर घसरला. "तिचा चॉइस आहे, आई. तू असा बोलतो तेव्हा खूप ओल्ड-फॅशन्ड वाटतो. मला लाज वाटला."

"लाज वाटली," मी म्हटलं.

"व्हॉटेव्हर. वाटली."

पुढच्या रविवारपासून ती शेडजवळ दिसली नाही. मी मनात म्हटलं, ऐकलं बाई पोरीने. तीनेक महिन्यांनी त्यांच्या गाडीत बसले तेव्हा सीटच्या कापडाला सिगरेटचा वास येत होता. सिगरेट सुटली नव्हती, माझ्या नजरेआड गेली होती. मी खिडकी खाली केली आणि गप्प बसले. पुन्हा विषय काढला असता तर पुन्हा तेच वाक्य आलं असतं.

मग ती गरोदर राहिली आणि सिगरेट सुटली. त्या नऊ महिन्यांत मी जितकी सुखात होते तितकी आधी नव्हते आणि नंतरही नाही. सातव्या महिन्यात आम्ही घरीच डोहाळजेवण केलं. बांगड्या लेस्टरहून आणल्या होत्या, हिरव्या काचेच्या, दोन डझन. भरायला मीच बसले. बांगडी चढवताना बोटांच्या मुळाशी हात दाबून चपटा करावा लागतो. संधिवाताचे डॉक्टरही पेशंटचा हात तिथेच दाबून बघतात. दुखलं तर शंका घ्यायची. माझ्या लॅबमधल्या एका मोठ्या डॉक्टरने मला ते दाखवलं होतं. मी तिचा हात जरा जास्तच दाबला. तोंडाकडे बघत होते. ती हसत होती, आणि बांगड्या सरसर गेल्या.

मी देवापुढे साखर ठेवली. माझा देवावर फारसा विश्वास नाही, तरी ठेवली. आणि सव्वीस वर्षं लॅबमध्ये काढलेल्या बाईने एक गोष्ट सोयीस्कर विसरून टाकली: हा आजार गरोदरपणात बहुतेकदा दबून असतो, आणि बाळंतपणानंतरच्या वर्षात डोकं वर काढतो.

मुलगी झाली. बारसं आम्ही दीड महिन्याने केलं, म्हणजे सगळ्यांना शनिवार मिळेल. सुनेची ओटी भरली आणि डोहाळजेवणाच्याच उरलेल्या बांगड्या काढल्या. त्याच मापाच्या, त्याच डब्यातल्या. पहिलीच बांगडी बोटांच्या मुळाशी अडली. मी दाबलं. तिने "आह" केलं, फार हळू, आणि हात मागे घेतला. डोळ्यांत पाणी आलं होतं.

"बाळंतपणाची सूज असते गं," जमलेल्या बायकांपैकी कुणीतरी म्हणालं. "उतरेल. मोठ्या मापाच्या घाला." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मग मी तिला एकच चांदीची उघडणारी बांगडी घातली आणि पेढे वाटायला उठले. पेढे चांगले झालेत म्हणून मी लोकांना सांगत होते.

तिथून पुढचे महिने मी बघत राहिले, दुसरं काही केलं नाही. आमच्या गावात गाडीशिवाय कुणाचं चालत नाही, आणि दर थोड्या अंतरावर राउंडअबाउट. स्टिअरिंग गोल फिरवा, सोडा, परत गोल फिरवा. सून गाडी घेऊन यायची बंद झाली. बाळाची प्रॅम ढकलत सायकलींच्या लाल रस्त्याने पाऊण तास चालत यायची, थंडीतसुद्धा. "व्यायाम होतो," म्हणायची. मी तिला दारातून येताना बघायचे. ती प्रॅम तळव्यांनी ढकलत नव्हती, कोपरांनी ढकलत होती. डायपरची चिकटपट्टी ती दातांनी सोडवायची. सकाळी फोन केला तर म्हणायची, "अजून हात जागे नाही झाले, आई. अकरापर्यंत होतील." आणि कधी कधी कोटाला पुन्हा तो वास यायचा. झोप नाही, दुखणं अंगात, घरात एकटी. ओढत असेल एखादी. मी कुठल्या तोंडाने बोलणार होते?

मी एवढंच म्हणायचे, "जीपीला दाखव गं." तिने त्या नेहमीच्या डॉक्टरला दाखवलं. त्याने बघितलं, बाळ उचलून उचलून मनगट धरतं, आईपणात असं होतंच, म्हणून पट्टा दिला. घरात कुणाला संधिवात आहे का, विचारलं. ती खरं तेच बोलली: नाही. तिच्या घरात फक्त कोबी होता. ती मला हे सांगत होती तेव्हा मी तिच्या समोर बसून बाळाला खेळवत होते. जगात एकच माणूस होता ज्याने पाटीही वाचली होती आणि तिच्या आईचे हातही बघितले होते. एक वाक्य बोलले असते तर त्याच आठवड्यात रक्ताची योग्य तपासणी झाली असती. सुरुवातीच्या महिन्यांत औषधं पडली तर सांधे वाचतात, हे मला पाठ होतं. पण आता बोलायचं म्हणजे इतके दिवस का नाही बोललीस हा प्रश्न. हात दाखवून अवलक्षण. एकेक आठवडा गेला, आणि प्रत्येक आठवड्याने उत्तर देणं आणखी अवघड झालं.

नात आठ महिन्यांची झाली तेव्हा सुनेला शेवटी हॉस्पिटलमध्ये पाठवलं. निकालाचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे गेले. मुलगा कामावर होता. नात उंच खुर्चीत बसून केळं चोळत होती. सुनेने टेबलावरचं पत्र माझ्याकडे सरकवलं. रक्तात या आजाराची अँटिबॉडी भरपूर. दोन्ही हातांच्या एक्स-रेमध्ये हाडं कुरतडायला लागलेली.

"औषधं सुरू करतायत," ती म्हणाली. तिचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, फक्त 'आई' मराठीत. "पण जे गेलंय ते परत येत नाही म्हणाले. चष्म्यांच्या स्क्रूचं काम बघू, असं म्हणाले. बघू म्हणजे काय ते मला कळतं." मग ती म्हणाली, "सगळे सारखं विचारत होते, घरात कुणाला आहे का. मी सारखं नाही म्हणत होते. आई, माझ्या आईचे हात. ते हेच आहे ना?"

"हो," मी म्हटलं. आणि मग बाकीचंही सांगितलं. नळी, नंबर, निकाल. मला वाटलं होतं मी रडेन. मी लॅबचा रिपोर्ट द्यावा तसं सांगितलं.

नातीने केळं खाली टाकलं, ते कुणीच उचललं नाही.

"सिगरेटचं तुम्ही म्हणाला होतात," ती म्हणाली. "चांगलं दिसत नाही."

"हो."

"म्हणजे तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मला वाटलं, सुनेने ओढलेली तुम्हाला आवडत नाही. आमच्याकडेही थोरांसमोर ओढत नाहीत. म्हणून मी तुमच्या समोर ओढायची बंद केली. मला वाटलं मी तुमचा मान ठेवतेय." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "खरं कारण सांगितलं असतंत, तर मी त्याच दिवशी सोडली असती."

त्या दिवशी सोडली असती तर आजार टळलाच असता, असं कुणी सांगू शकत नाही. हे मला कुणाहीपेक्षा चांगलं माहीत आहे, आणि त्याचा मला काडीचाही आधार वाटत नाही.

मग तिने विचारलं, "त्याचंही रक्त होतं ना त्या दिवशी?"

माझ्या मुलाचं. मी मान डोलावली. त्याच्या नळीत निघाला होता तो 'टेन झिरो वन', आपल्या लोकांतला, त्याच दाराची दुसरी किल्ली. माझ्या आईची बोटंही शेवटी वाकडी झाली होती, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने बोलले. ती एकदा माझ्याकडे आणि एकदा खुर्चीतल्या पोरीकडे बघत होती. दोघांकडून एकेक पाटी पोरीत आली असू शकते, हा हिशेब तिला सांगावा लागला नाही.

पाळणाघरात नावनोंदणीसाठी तिला जायचं होतं. तिने कोट चढवला आणि बटणं लावायला लागली. पहिलंच बटण दोनदा निसटलं. मी पुढे झाले.

"राहू द्या," ती म्हणाली. "मी लावते."

पाच बटणं होती. मी हात बाजूला घेऊन उभी राहिले आणि ती लावेपर्यंत बघत होते. शेवटचं तिने सोडून दिलं.

"हिचं रक्त कुणी तपासायचं नाही," ती म्हणाली. "तुम्ही तर नाहीच. पण ही मोठी होईल, सोळा वर्षांची, सिगरेट हातात घेण्याएवढी. तेव्हा तुम्ही तिला समोर बसवायचं आणि सगळं सांगायचं. तुम्ही काय वाचलंत, आणि किती दिवस गप्प राहिलात. मी नाही सांगणार. तिचा बाबाही नाही. तुम्ही."

"अगं, मी तोवर असेन की नाही," मी म्हटलं. "मी सहासष्टची आहे."

"तोवर तुम्ही राहायचं," ती म्हणाली, आणि पोरीला कोपरांत उचलून घेऊन गेली.

औषधांनी तिला बरंच बरं आहे. ती अर्धवेळ कामावर जाते, आता पुढच्या काउंटरवर. रविवारी ती तिघं जेवायला येतात, आणि सून मला अजूनही 'आई' आणि 'तुम्ही' म्हणते. नात आता चालते. सगळ्यांत जास्त ती माझ्याकडे झेपावते, माझ्याच ताटात जेवते, कुणी उचलून न्यायला लागलं तर किंचाळते. मी चालायला जाते, मीठ कमी खाते, रक्तदाबाची गोळी चुकवत नाही. नवरा म्हणतो, "आता तुला जगायची हौस आली." नात सोळाची होईल तेव्हा मी ब्याऐंशीची असेन. तिला समोर बसवून मी पहिलं वाक्य बोलेन, आणि मग ती माझ्याकडे कशी बघेल ते मला आत्ताच माहीत आहे, कारण तिची आई त्या सकाळी तशीच बघत होती.